क्लस्टरचा पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो

गोव्यातल्या केपे तालुक्यातल्या एका पंचाने विचारलेल्या प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत. पंचायतीत नैसर्गिक (रसायनाविना, शेण-गोमूत्रावरच्या) शेतीचे क्लस्टर, म्हणजे ठरावीक क्षेत्रातल्या शेतकऱ्यांचा गट, बसणार म्हणतात, तर त्याचा पैसा किती आणि कुणाच्या खात्यात येणार? गावातला जुना सेंद्रिय गट योजना संपताच विरला, तसे पुन्हा होऊ नये म्हणून कारभार कसा बसवायचा? आणि आंध्र प्रदेशाने हेच काम लाखो शेतकऱ्यांपर्यंत नेले, ते पैसा कुठून आणून?

गाभा आधी सांगतो. नैसर्गिक शेतीला विकतच्या वस्तू कमी लागतात, माणसे आणि वर्षे जास्त लागतात. सरकारी यंत्रणेला मात्र वस्तूंवर खर्च करणे सोपे जाते. निविदा काढली, माल उतरला, बिल निघाले, ३१ मार्चच्या आत रक्कम संपली. पावसाळ्यात दर आठवड्याला शेतावर जाऊन रोप बघणाऱ्या बाईच्या कामाचे असे बिल होत नाही. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतात. म्हणून कुठल्याही क्लस्टरची कागदपत्रे हातात आली की मी आधी एकच बघतो: किती रक्कम वस्तूंना गेली आणि किती माणसांना.

आता आकडे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान स्वतंत्र केंद्र पुरस्कृत योजना म्हणून मंजूर केले. तरतूद २,४८१ कोटी रुपये, पैकी केंद्राचे १,५८४ कोटी आणि राज्यांचे ८९७ कोटी. उद्दिष्ट १५,००० क्लस्टर, ७.५ लाख हेक्टर, १ कोटी शेतकरी, १०,००० जैव निविष्ठा संसाधन केंद्रे (शेण-गोमूत्राची खते आणि काढे तयार करून देणारी; सगळे त्यांना बीआरसीच म्हणतात) आणि ३०,००० कृषी सख्या (शेतावर जाऊन मार्गदर्शन करणाऱ्या गावातल्या बायका). क्लस्टर साधारण ५० हेक्टरचे आणि १२५ शेतकऱ्यांचे. शेतकऱ्याला एकरी वर्षाला ४,००० रुपये, तेही दोनच वर्षे आणि एका एकरापुरतेच. बीआरसीला १ लाख रुपये, ५०,००० च्या दोन हप्त्यांत.

यावरून आपल्या क्लस्टरचे गणित घरी बसून करता येते. १२५ शेतकरी गुणिले ४,००० म्हणजे वर्षाला ५ लाख, दोन वर्षांत १० लाख. गोव्याला ६०:४० चे प्रमाण लागू, म्हणजे त्यातले ६ लाख दिल्लीचे आणि ४ लाख पणजीचे. हेच देशभर धरले तर १५,००० क्लस्टरांना १,५०० कोटी, म्हणजे एकूण तरतुदीचा सुमारे ६० टक्के भाग थेट शेतकऱ्याच्या खात्यात जाणारा आहे. बीआरसींचे १०० कोटी वजा करा. उरतात साधारण ८८० कोटी. प्रशिक्षण, कृषी सख्या, प्रात्यक्षिक शेते, प्रमाणन, संगणक प्रणाली, देखरेख, सगळे त्यातूनच. १५,००० ने भागले तर क्लस्टरमागे सहा लाखांच्या आत. हा माझा भागाकार आहे, सरकारी मर्यादा नव्हे. पण माणसांवर खर्च करायला किती कमी जागा आहे ते त्यातून कळते.

आणखी एक हिशेब ग्रामसभेत बोलण्याआधी लक्षात घ्या. १५,००० गुणिले १२५ म्हणजे १८.७५ लाख शेतकरी. उद्दिष्ट मात्र १ कोटींचे. म्हणजे प्रोत्साहन रक्कम क्लस्टरमधल्यांनाच. बाकीच्यांपर्यंत प्रशिक्षण, शिवारफेरी आणि प्रचार पोचायचा आहे. “गावातल्या सगळ्यांना पैसे मिळणार” असे एकदा कुणी बोलून गेले की पुढचे वर्ष त्याचा खुलासा करण्यात जाते.

चार हजारांत काय होते? भाताच्या एका एकराची एक बेणणी (निंदणी) मजुरीने करून घेतली तर बहुतेक गावांत ते तिथेच संपतात. ती रक्कम नुकसान भरपाई म्हणून बघू नये. शेण गोळा करणे, पिंपे भरणे, वेळेवर फवारणे या जादा कष्टांचा तो थोडासा मोबदला आहे. जुन्या योजनांशी तुलना केली की बदल दिसतो. परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ मध्ये आली तेव्हा तीन वर्षांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये होते आणि त्यातले ३१,००० निविष्ठांसाठी (खते, बियाणे, औषधे). पुढे ते ३१,५०० झाले, निविष्ठांसाठी १५,०००. तिच्याच पोटात २०२०-२१ पासून चाललेल्या भारतीय प्राकृतिक कृषी पद्धतीत तीन वर्षांना हेक्टरी १२,२०० रुपये होते. नव्या अभियानात हेक्टरी हिशेब दोन वर्षांत सुमारे २०,००० पडतो. विकतच्या निविष्ठांपासून सरकार मागे सरते आहे, आणि ते बरोबरच आहे. ज्या गटाला जमवून ठेवणारी गोष्ट फक्त खताच्या पिशव्या असतात, तो पिशव्या थांबल्या की मोडतो. तुमच्या जुन्या गटाचे बहुधा हेच झाले असणार.

पैसा अडतो कुठे

वार्षिक आराखडा राज्य करते, राज्यस्तरीय समिती त्याला मान्यता देते, तो केंद्राकडे जातो आणि मंजुरी येते. २०२१ पासून केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा राज्याच्या एकाच नोडल एजन्सीच्या खात्यातून फिरतो. या पद्धतीत केंद्र एका वेळी २५ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम सोडत नाही. पुढचा हप्ता हवा असेल तर राज्याने आपला हिस्सा भरलेला हवा आणि आधीच्या रकमेचा किमान ७५ टक्के खर्च झालेला हवा. त्यानंतर आलेल्या ‘स्पर्श’ पद्धतीत तर बँकेत पैसा पडूनच राहत नाही. केंद्र खर्चाची मर्यादा कळवते, राज्य देयक सादर करते आणि दोन्ही हिस्से त्याच वेळी रिझर्व्ह बँकेमार्फत सुटतात.

कागदावर हे स्वच्छ आहे. अडचण अशी की ७५ टक्क्यांचा नियम क्लस्टरनिहाय चालत नाही, तो पूर्ण राज्याला एकत्र लागतो. एका तालुक्यातल्या कार्यालयाने खर्च नोंदवला नाही, तर काणकोणच्या शेतकऱ्याचा हप्ताही थांबतो. मोठ्या राज्यात असे एखादे सुस्त कार्यालय आकड्यात लपून जाते. गोव्यात एकूण रक्कमच लहान, त्यामुळे दोन-तीन क्लस्टरांचे अडकलेले पैसेही टक्केवारी खाली ओढायला पुरतात. तेव्हा आपल्या विभागीय कृषी कार्यालयाला महिन्यातून एकदा विचारायचा प्रश्न “पैसे आले का?” हा नसावा. “आलेल्यातला खर्च पीएफएमएसवर नोंदला का?” हा असावा (पीएफएमएस म्हणजे सरकारी खर्च नोंदवण्याची केंद्राची संगणक प्रणाली). पहिल्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयाच्या हातात नसते, दुसऱ्याचे असते.

दुसरी अडचण लेखाशीर्षाची, म्हणजे सरकारी हिशेबात खर्च ज्या क्रमांकाच्या रकान्यात टाकतात त्याची. पीक संवर्धनाचा खर्च २४०१ या मुख्य शीर्षाखाली पडतो आणि त्यात अनुसूचित जमातींसाठी ७९६ हे वेगळे गौण शीर्ष असते. त्यातला पैसा इतरांना देता येत नाही. केपे, सांगे, काणकोण, धारबांदोडा या भागांत गावडा, कुणबी आणि वेळीप समाजाची वस्ती मोठी आहे. म्हणजे ७९६ मधला पैसा खर्च होण्याची जागा तुमच्याकडेच आहे. पण यादी करताना जमातीचा रकाना रिकामा राहिला, किंवा दाखला जोडायचा राहिला, तर त्या शीर्षाखाली रक्कम शिल्लक आणि सर्वसाधारण शीर्षाखाली टंचाई, असे विचित्र चित्र तयार होते. यादी करतानाच हे लावून घ्या. फेब्रुवारीत दाखले शोधत बसण्यात अर्थ नाही.

तिसरी अडचण मुदतीची. अभियानाची मूळ मंजुरी पंधराव्या वित्त आयोगाच्या काळापुरती, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंतची. शेतकऱ्याला मात्र सांगितले आहे दोन वर्षे. जे क्लस्टर उशिरा बसले त्यांचे दुसरे वर्ष या रेषेच्या पलीकडे जाते. त्यासाठी मुदतवाढीचा आदेश आणि त्या वर्षाची राज्याच्या अंदाजपत्रकातली तरतूद, हे दोन्ही कागद लागतात. ते बघितल्याशिवाय दुसऱ्या वर्षाचा शब्द देऊ नये.

शेताचे वर्ष आणि आर्थिक वर्ष

या एका मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण गोव्यात सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. आपल्याकडे सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, पेरणी पहिल्या पावसाबरोबर जूनमध्ये, कापणी ऑक्टोबरच्या आसपास. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे पीक, नोव्हेंबर-डिसेंबरात लागते, मार्च-एप्रिलपर्यंत आटपते. आर्थिक वर्ष एप्रिलला उघडते आणि पहिला पैसा शेतापर्यंत यायला, सगळे सुरळीत झाले तरी, पावसाळा मध्यावर येतो.

आता शेताला काय कधी लागते ते बघा. घनजीवामृत (शेणाचे सुके खत) एकरी २०० ते ४०० किलो, नांगरणीच्या वेळी. कमीत कमी धरले तरी १२५ एकरांना २५ टन. त्यासाठी शेण जानेवारी ते मे या काळात जमवून, गूळ-पीठ घालून, सावलीत सुकवून, गोणीत भरून ठेवावे लागते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जूननंतर शेण सुकत नाही, कुजते. म्हणजे या कामाचा पैसा मागच्या आर्थिक वर्षातून यायला हवा. नव्या वर्षाची वाट पाहिली तर पहिला हंगाम बिनतयारीचा जातो, पीक पिवळे पडते आणि ऑगस्टमध्ये शेतकरी गुपचूप युरियाची मूठ टाकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जमिनीला नत्र मिळाले नाही, तर भात पिवळे पडणारच.

म्हणून क्लस्टर जर एप्रिल-मेमध्ये मंजूर झाले, तर पहिल्याच सरदात भाताला हात घालू नका. पहिले वर्ष सर्वेक्षण, माती परीक्षण, प्रशिक्षण, गोठ्याची जमीन उताराची करणे आणि वायंगणी भाजीपाला, मिरची, अळसांदे (चवळी) एवढ्यावर थांबा. भात दुसऱ्या वर्षी. अधिकाऱ्याला हे पटत नाही, कारण त्याला पहिल्याच वर्षी हेक्टर दाखवायचे असतात. त्यावर तोडगा असा की हेक्टर वायंगणी भाजीचे आणि कुळागराचे दाखवा. कुळागरात सुपारी, नारळ, मिरी, केळी, जायफळ असे थर आधीच असतात; पालापाचोळा जागेवर कुजतो, पाट वाहतो. तिथे रसायन थांबवले तरी उत्पन्न एकदम घसरत नाही.

पावसाळ्यात जीवामृताचे (शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या पातळ द्रावणाचे) वेगळेच दुखणे आहे. जुलैच्या झडीत वाहत्या पाण्यात ओतलेले जीवामृत खालच्या शेतात जाते. सुरुवातीच्या मात्रा घनजीवामृतातून द्याव्या आणि पातळ जीवामृत उघडीप मिळताच, बांधातून पाणी अडवून, मग सोडावे. प्रशिक्षणाच्या पुस्तिका बहुतेक कोरड्या मुलखाच्या हिशेबाने छापलेल्या असतात. त्यात हे येत नाही.

बीआरसी: एक लाखात काय बसते

जीवामृताचे प्रमाण सगळ्यांना पाठ असते: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचे पीठ, बांधावरची मूठभर माती, सावलीत ४८ तास, सकाळ-संध्याकाळ ढवळत. हे झाले एका एकराच्या एका फेरीचे. आता क्लस्टरला गुणा. १२५ एकर म्हणजे एका फेरीला २५,००० लिटर, १,२५० किलो शेण, ६२५ ते १,२५० लिटर गोमूत्र, २५० किलो गूळ, २५० किलो पीठ. भाताच्या हंगामात अशा चार फेऱ्या धरा.

एक लाखात शेड, पाण्याची सोय आणि २०० लिटरची दहा पिंपे बसवली, तर एका घाण्यात २,००० लिटर निघते, म्हणजे दहा एकरांचे. आंबवणे, उपसणे, धुणे, पुन्हा भरणे मिळून तीन दिवस. १२५ एकरांची एक फेरी पुरी करायला तेरा घाणे, सुमारे चाळीस दिवस. तोवर पहिल्या शेताची दुसरी फेरीही उलटून गेलेली असते. हे जीवामृत साठवताही येत नाही. आठवडाभराच्या आत वापरायचे असते. म्हणजे पूर्ण क्लस्टरचा पुरवठा बीआरसीवर टाकणे हे मुळातच गणितात बसत नाही, आणि देशातही १५,००० क्लस्टरांना बीआरसी १०,०००च आहेत. ज्यांच्या दारात गुरे आहेत त्यांनी घरीच करावे. बीआरसी फक्त बिनगुरांच्या तीस-चाळीस एकरांसाठी आणि कीडनाशक काढ्यांसाठी. चार घाणे, बारा दिवस; हे जमते.

खरी टंचाई गोमूत्राची असते. शेण रस्त्यावरूनही उचलता येते. मूत्र मात्र रात्री बांधलेल्या गुराचेच मिळते आणि तेही गोठ्याची जमीन फरशीची, उताराची, खाली खड्डा असलेली असेल तरच. गोव्यात गुरे मोकळी फिरायची सवय, आणि भटक्या गुरांचा प्रश्न वेगळाच. गुजरात सरकार नैसर्गिक शेती करणाऱ्याला देशी गाईच्या पालनासाठी महिन्याला ९०० रुपये देते. आपल्याकडे श्वेत कपिला ही नोंदणीकृत स्थानिक जात आहे. दुभत्या संकरित गाईइतके दूध नाही, पण रानावर निभावते. बीआरसीच्या पहिल्या हप्त्यातले पैसे चकचकीत गाळणयंत्रापेक्षा दहा गोठ्यांच्या उतारावर घालता आले तर जास्त उपयोगाचे. मार्गदर्शक सूचनांत तसे बसते का हे कार्यालयाकडून लेखी घ्या, नाहीतर लेखापरीक्षक हरकत घेईल.

बीआरसी बिघडण्याचा नेहमीचा मार्ग असा: जीवामृत करणे कष्टाचे, म्हणून चालक तयार बाटल्या आणून विकू लागतो. वर्षभरात ते खताचे दुकान होते. हे पकडायला प्रयोगशाळा लागत नाही. विकलेल्या लिटरांना १०० ने भागले की जितके येतात तितके किलो गुळाचे बिल दिसले पाहिजे. पिठाचेही तितकेच. वहीत ८,००० लिटर विक्री आणि बिले २० किलो गुळाची असतील, तर ते जीवामृत नव्हे. ही तपासणी ग्रामसभेत पाच मिनिटांत होते.

कृषी सखी

क्लस्टरला दोन सख्या, म्हणजे एकेकीकडे साठ-बासष्ट शेतकरी. पंधरवड्यातून एकदा प्रत्येकाकडे जायचे म्हटले तर दिवसाला चार-पाच घरे. जमण्यासारखे आहे, जर तिच्या गळ्यात मोबाइल ॲपवरचे सर्वेक्षण, इतर खात्यांचे मेळावे आणि फोटो काढण्याची कामे मारली नाहीत तर. निवड स्वयंसहाय्य गटांतून व्हावी आणि ती स्वतः शेती करणारी असावी. निदान तिचा स्वतःचा एक तुकडा याच पद्धतीत असावा, कारण पहिल्या वर्षी शेजारीण येऊन बघते ते तिचेच शेत.

मानधन थकले की बाई दुसरे काम बघते. थोडा सरकारी पैसा वाचला असे वाटते, पण साठ शेतकरी एकदम सुटतात. मानधनाचे देयक प्रोत्साहन रकमेच्या देयकात मिसळू देऊ नका. शेतकऱ्यांच्या यादीत एकाचे आधार जुळले नाही तरी मिसळलेले देयक परत येते आणि तिचेही पैसे अडतात.

कुठली जमीन घ्यायची

गोव्यात सर्वाधिक क्षेत्र काजूखाली. बहुतेक बागांत खत-फवारणी आधीच नसल्यात जमा. क्लस्टरचे ५० हेक्टर भरायचे तर डोंगरावरचा काजू दाखवणे हा सगळ्यात सोपा उपाय, आणि म्हणूनच सगळ्यात धोक्याचा. कागदावर क्षेत्र भरते, पैसे वाटले जातात, रसायनाची एक पिशवीही कमी होत नाही. काजू वगळा असे मी म्हणत नाही. पण यादीत दोन रकाने करा: आधीपासून रसायनाविना आणि या योजनेत रसायन सोडलेले. दुसऱ्या रकान्यातले क्षेत्र हेच खरे काम.

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, वेगळी अट. तिथे पाणी एका शेतातून दुसऱ्यात उतरते, मानशीचे (खाडीचे पाणी अडवणारे-सोडणारे) दार एकच, बांध सामाईक. मधल्या दोघांनी तणनाशक मारले तर खालच्या दहा जणांचे प्रमाणपत्र धोक्यात. खाजन घ्यायचे तर पाण्याच्या एका वाटेवरचे पूर्ण घ्या, किंवा मुळीच घेऊ नका. निर्णय एकेका शेतकऱ्याकडून न घेता कूळ संघाच्या किंवा कोमुनिदादीच्या (गावकीची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) बैठकीत ठरावाने घ्या. तिथे कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भात रसायनाविना चालत आलेलेच आहे. सुरुवात तिथून सोपी.

कागदांचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच कडवट. फॉर्म एक-चौदावर (जमिनीच्या उताऱ्यावर) आजोबांचे नाव, वाटणी झालेली नाही, वारस पोर्तुगालमध्ये किंवा मुंबईत, आणि कसणारा तिसराच. थेट खात्यात पैसे द्यायचे म्हटले की मालकी हक्काचा कागद मागितला जातो आणि प्रत्यक्ष शेणात हात घालणारा बाहेर राहतो. कृषी कार्ड (कृषी खाते शेतकऱ्याला देते ते ओळखपत्र) या कामी येते, कारण ते कसणाऱ्याला मिळू शकते. क्लस्टरची यादी करण्याआधी दोन महिने कृषी कार्डांचे शिबिर लावा. सहहिस्सेदारांची ना-हरकत घेताना तिचा उपयोग फक्त प्रोत्साहन रकमेपुरता, कुळाच्या हक्काशी संबंध नाही, असे त्यात स्पष्ट लिहा. हे वाक्य नसले की सही मिळत नाही.

आंध्रने पैसा कसा उभा केला

आंध्रने खात्याबाहेर एक सरकारी मालकीची, नफा न कमावणारी कंपनी उभी केली, रयतु साधिकार संस्था. पैसा एका नळाचा नाही: केंद्राच्या परंपरागत कृषी आणि राष्ट्रीय कृषी विकास योजना, अझीम प्रेमजींच्या परोपकारी संस्थेचे अनुदान, जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचे कर्ज, आणि राज्याचा स्वतःचा हिस्सा. २०१८ मध्ये खासगी भांडवलही आणण्याची घोषणा झाली: २०२४ पर्यंत ६० लाख शेतकरी आणि ८० लाख हेक्टर, खर्च २.३ अब्ज डॉलर. २०२४ मध्ये या कार्यक्रमाला गुलबेंकियन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला तेव्हाचा आकडा दहा लाखांहून अधिक शेतकरी आणि पाच लाखांहून अधिक हेक्टर. काम मोठेच आहे. पण शेतकऱ्यांच्या संख्येत ते तेव्हा घोषणेच्या सहाव्या हिश्श्यावरच होते, आणि कारण उघड आहे. मातीत वाढलेल्या कर्बातून किंवा सरकारच्या वाचलेल्या खत अनुदानातून गुंतवणूकदाराचा हप्ता फेडता येत नाही. अनुदान वाचते केंद्राचे, कर्ज असते राज्याच्या डोक्यावर.

आंध्रकडून घेण्यासारखे दुसरेच आहे. पैशाचा मोठा भाग गावातल्याच शेतकरी-प्रशिक्षकांवर गेला आणि नियोजन महिला बचत गटांच्या महासंघांकडे राहिले. संस्था खात्याबाहेर असल्यामुळे माणसे लगेच बदलली नाहीत, धोरण वर्षानुवर्षे एका हाती राहिले. तोटाही तिथलाच: कृषी खात्याचा खालचा कर्मचारी हे काम आपले मानत नाही, आणि तो रासायनिक खताची शिफारस करतच राहतो.

हिमाचलने २०१८ मध्ये प्राकृतिक खेती खुशहाल किसान योजना सुरू केली आणि पुढे पैसा मालाच्या भावाकडे वळवला. २०२४ मध्ये नैसर्गिक मक्याला किलोला ३० रुपये हमी दर दिला. भाव मिळतो म्हटल्यावर शेतकऱ्याला प्रोत्साहनाच्या हप्त्याची वाट बघावी लागत नाही. उलट टोकाचे उदाहरण श्रीलंकेचे: एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकदम बंदी, नोव्हेंबरात ती मागे. प्रशिक्षित माणसे आणि शेणखत नसताना हुकूम काढला तर काय होते हे सात महिन्यांत दिसले.

गोव्याला आंध्रसारखी कंपनी लागत नाही. १९१ पंचायतींच्या राज्यात तिचा प्रशासन खर्चच जड होईल. कृषी संचालनालयात ‘आत्मा’ या कृषी विस्तार यंत्रणेखाली एक छोटा कक्ष पुरे, पण दोन अटींवर. कक्षप्रमुख किमान तीन वर्षे बदलू नये. आणि जो निविष्ठा पुरवतो किंवा प्रशिक्षण देतो, त्याच्याकडे पडताळणी असू नये. तांत्रिक बाजूला जुन्या गोव्यातली आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) संस्था आणि दोन्ही कृषी विज्ञान केंद्रे आहेतच. पीक कापणी प्रयोग त्यांनी घ्यावेत, आकडे कक्षाने गोळा करू नयेत.

भावाकडेही आपण लक्ष द्यायला हवे. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर भाजी जाते तिथे नैसर्गिक वांगे आणि बाहेरून आलेले वांगे एकाच टोपलीत पडले तर जास्त भाव मागायला आधारच राहत नाही. वेगळा क्रेट, गटाचे लेबल आणि आठवड्याचा ठरलेला दिवस, एवढे आधी मागा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाईक विकणाऱ्या बाईला ओळखते, प्रमाणपत्राला नाही. तिथे ते नंतर आले तरी चालते. हॉटेलला विकायचे असेल तर मात्र आधी लागते.

प्रमाणपत्र सहभागी हमी पद्धतीचे: किमान पाच शेतकऱ्यांचा गट, एकमेकांच्या शेतांची तपासणी, नोंदी आणि प्रादेशिक परिषदेची मान्यता. ते स्वस्त आहे, आणि ढिलाई तिथेच शिरते. शेजारी शेजाऱ्याविरुद्ध लिहीत नाही. उपाय साधा: वाड्यावाड्यांच्या तपासण्या उलटसुलट करा, आणि वर्षाला काही नमुने गटाला न सांगता रसायनांच्या अवशेषांच्या तपासणीला पाठवा.

पंचायतीने पहिल्याच बैठकीत मागायचे कागद सांगतो: मंजूर वार्षिक आराखड्याची प्रत, सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि वरचे दोन रकाने असलेली शेतकऱ्यांची यादी, पहिल्या वर्षाआधीचा माती परीक्षण अहवाल, सेंद्रिय कर्बासह, कृषी सख्यांच्या निवडीचा ठराव, आणि बीआरसीचे बँक खाते कुणाच्या दोन सह्यांनी चालते ते. शेवटचा कागद सगळ्यांत कमी मागितला जातो. त्यातच हेही लिहून घ्या की योजना संपल्यावर शेड, पिंपे आणि पाण्याची टाकी कुणाची. चालक सोडून गेला तर ती स्वयंसहाय्य गटाकडे जाणार की पंचायतीकडे, आणि कुणाच्या मालमत्ता नोंदवहीत चढणार, हे ५०,००० चा दुसरा हप्ता सुटण्याआधी ठरले पाहिजे. नंतर त्यावर सही करायला कुणी सापडत नाही.